‘कोण?’ आणि ‘तोच का?’

रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीपुढे माझ्या आधी एक आजोबा उभे होते. आतल्या मुलीने काचेची ती छोटी डबी पुढे सरकवली. "अंगठा ठेवा, आजोबा." ठेवला. लाल दिवा. "जरा दाबून ठेवा." दाबला. पुन्हा लाल. "पुसून घ्या बरं." पुसला. मग तिने हमखास तोडगा सांगितला : "कपाळावर घासा आणि ठेवा." कपाळावरचा तेलकटपणा लागला की ठसा उठतो, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. आजोबांनी कपाळावर अंगठा घासला, मग तर्जनी, मग मधलं बोट. उजवा हात संपला तेव्हा डाव्या हाताची पाळी आली. पण त्या हातात त्यांचा जुना केसपेपर होता. त्यावर नाव, वय, नोंदणी क्रमांक, मागच्या खेपेची औषधं, डॉक्टरांची सही असं सगळं होतं. बोटं ठेवायची म्हणून तो कागद त्यांनी काखेत धरला.

यंत्र बिघडलं होतं, याचं मला काही वाटलं नाही, यंत्रं बिघडतातच. पण ते यंत्र आजोबांना नेमकं विचारत काय होतं, हा प्रश्न घरी आल्यावरही सुटेना.

अंगठ्याचा ठसा, बुबुळ, चेहरा, आवाज, तळहातातल्या शिरांची जाळी, अशा शरीराच्या खुणांवरून ओळख पटवणं म्हणजे ‘बायोमेट्रिक’. यातलं काहीही यंत्रापुढे धरलं तरी ते दोनपैकी एक प्रश्न विचारतं. ‘मागच्या खेपेला आला होता तोच हा माणूस का?’ किंवा ‘हा माणूस कोण?’ पहिल्या प्रश्नासाठी समोरचा ठसा एकाच जुन्या ठशाशी ताडून पाहिला की काम भागतं. दुसऱ्यासाठी साठवलेला सगळा ढीग उपसावा लागतो, म्हणजे आधी तो ढीग जमवावाही लागतो. माझं म्हणणं असं, की उपचारांना आणि वैद्यकीय संशोधनाला जवळजवळ नेहमी पहिला प्रश्न पुरतो. यंत्रणा मात्र उभारल्या जातात त्या दुसऱ्यासाठी. आणि ढीग एकदा हाताशी आला की तो उपसण्याची कारणं आपोआप सापडत जातात.

आधी यंत्राच्या बाजूचं. खासगीपणाबद्दल लिहिणारे लोक, त्यात मीही आलो, ही बाजू फार घाईत उरकतात. माणसांची अदलाबदल ही रुग्णालयातली खरीखुरी आणि जुनी आफत आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या सार्वजनिक रुग्णालयांनी २०११च्या सुमारास आपल्या साधारण ३४ लाख रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यात ‘मारिया गार्सिया’ या एका नावाच्या २,४८८ नोंदी निघाल्या आणि त्यातल्या २३१ नोंदींमध्ये जन्मतारीखही जुळत होती. त्यातल्या खरोखर वेगळ्या बायका किती आणि एकाच बाईच्या दुबार नोंदी किती, हे नुसत्या कागदावरून कोण सांगणार? एकीची ॲलर्जी दुसरीच्या नावे चढली तर पहिलीला नको ते इंजेक्शन बसू शकतं. ‘ईसीआरआय’ या रुग्णसुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेकडे जानेवारी २०१३ ते जुलै २०१५ या काळात १८१ आरोग्यसंस्थांनी आपणहून कळवलेल्या अशा अदलाबदलींची संख्या ७,६०० हून अधिक होती. हे फक्त कळवलेलं. चूक लक्षातच आली नाही, असे प्रसंग कुठल्या यादीत येणार?

संशोधनात तर ‘तोच का’ हा प्रश्न जिवावरचा ठरतो. इबोलावरची एक लस दोन वेगवेगळ्या मात्रांची आहे. पहिली आज, आणि दुसरी, निराळ्या घटकांची, साधारण ५६ दिवसांनी. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात बोएंदे इथे आरोग्य कर्मचाऱ्यांवर या लशीची चाचणी झाली. पक्का पत्ता नाही, ओळखपत्र असेलच असं नाही, एका नावाचे अनेक लोक, अशा ठिकाणी दुसऱ्या मात्रेला आलेला माणूस पहिल्या मात्रेचाच आहे याची खात्री कशी करायची? तिथे बुबुळाचं चित्र घेऊन ती केली गेली. चुकीच्या माणसाला चुकीची मात्रा गेली तर त्याचं नुकसान होतंच. शिवाय त्या चाचणीच्या आकड्यांवर पुढे ज्यांना लस मिळणार त्या सगळ्यांचा हिशेब चुकतो. अशा जागी बुबुळ वापरायला माझी हरकत नाही. मी त्या पथकात असतो तर तेच मागितलं असतं.

क्षयरोगाचं उदाहरण याहून बोलकं आहे. ‘ऑपरेशन आशा’ या संस्थेच्या भारतातल्या केंद्रांवर रुग्ण गोळी घ्यायला आला की बोट ठेवायचा. कुणाची खेप चुकली की ते लगेच कळायचं. बोसुरॉय, देलावालाद आणि पॉन्स या अर्थशास्त्रज्ञांनी यंत्र असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांची तुलना केली. यंत्र असलेल्या केंद्रांवर औषध मध्येच सोडण्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी कमी निघालं. यावरून रुग्णांना धाक बसला असं कुणी म्हणेल. पण अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, जी मला जास्त मोलाची वाटते. यंत्र आल्यावर कर्मचारी जास्त हजर राहू लागले, जास्त पाठपुरावा करू लागले आणि वहीत खोटे रुग्ण दाखवणं कमी झालं. म्हणजे बोट रुग्णाचं, पण पकडली गेली ती वही. (उलटा किस्सा कर्नाटकातला. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत कर्मचाऱ्यांसाठी बायोमेट्रिक हजेरी आली, तेव्हा परिचारिका, औषधनिर्माते, तंत्रज्ञ यांची उपस्थिती सुधारली. डॉक्टरांची सुधारली नाही, आणि दांडीबद्दलची कारवाईही धडपणे झाली नाही. यंत्राला अंगठा दिसतो, हुद्दा दिसत नाही. कारवाई करणाऱ्याला हुद्दा आधी दिसतो.)

या सगळ्या यशस्वी उदाहरणांत प्रश्न ‘तोच का’ हाच आहे. केंद्रावरची यादी काही शेकड्यांची, चाचणीतली फार तर काही हजारांची. कागद हरवून आलेल्या बाईला त्या यादीत शोधावं लागलं तरी तो शोध घरातल्या घरात राहतो.

यादी वाढली की काय होतं, ते साध्या हिशेबाने पाहू. समजा, दोन वेगळ्या माणसांचे ठसे चुकून जुळण्याची शक्यता दहा हजारांत एक आहे. एकाला एक ताडताना ही चूक चालून जाईल. पण दहा लाखांच्या ढिगात एक अंगठा शोधायला सोडला, तर सरासरी शंभर परके लोक ‘हाच तो’ म्हणून वर येतील. यावर उपाय आहेत : दहाही बोटं घ्या, बुबुळही घ्या, जुळणीची अट कडक करा. पण अट कडक केली की खरा माणूसही नाकारला जाण्याचं प्रमाण वाढतं, म्हणजे कपाळावर अंगठा घासणाऱ्या आजोबांची रांग लांबते. ही ओढाताण कुठल्याही कंपनीला चुकवता येत नाही. कुठे तडजोड करायची, एवढंच तिच्या हातात असतं. आणि ती तडजोड कुणाच्या जिवावर करायची हे खरेदी करणाऱ्याने विचारलं तरच कळतं.

तान्ह्या मुलांच्या बाबतीत तर गणिताच्या आधी शरीरच आडवं येतं. लसीकरणात बायोमेट्रिक आणा, असा आग्रह गेली कित्येक वर्षं चालू आहे आणि त्यामागचा हेतू चांगला आहे : कुठलं मूल लशीविना राहिलं ते कळावं. पण नवजात बाळाचा ठसा घ्यायचा म्हणजे काय, ते एकदा जवळून पाहावं. मूठ घट्ट मिटलेली असते. एक बोट सोडवावं तर बाळ ते आपल्याच बोटाभोवती आवळतं. कातडी ओलसर आणि पापुद्रे निघत असलेली. बोटावरच्या रेषा जन्माच्या कितीतरी आधी, गर्भाच्या पाचव्या-सहाव्या महिन्यातच पक्क्या झालेल्या असतात, पण त्या इतक्या जवळजवळ असतात की मोठ्यांसाठीच्या यंत्राला त्यांचा नुसता करडा डाग दिसतो. नेहमीचं यंत्र इंचाला ५०० ठिपके टिपतं. मिशिगन स्टेट विद्यापीठातले अनिल जैन आणि त्यांचे सहकारी यांनी १,२७० ठिपक्यांचं यंत्र घेऊन आग्र्याच्या दयालबागमध्ये पाच वर्षांपर्यंतच्या ३०९ मुलांचे ठसे वर्षभर पुन्हा पुन्हा घेतले. सहा महिन्यांपुढच्या मुलांची ओळख चांगली पटली. त्याआधीच्यांची तितकी नाही.

आता लशींचं वेळापत्रक आठवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या रूढ वेळापत्रकात मुख्य मात्रा येतात त्या जन्मानंतर लगेच, मग सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. म्हणजे बोट ओळखू येऊ लागेतो लशींची मोठी गर्दी सरलेली असते. जैन यांच्या संशोधनाला कमी लेखण्याचा हेतू नाही. ते चोख आहे आणि मर्यादा स्वच्छ मांडतं. अडचण होते ती हे निष्कर्ष प्रकल्पाच्या सादरीकरणात जाताना वय गळून पडतं आणि ‘लहान मुलांचे ठसे ओळखता येतात’ एवढंच उरतं, तेव्हा.

आरोग्याच्या क्षेत्रात बायोमेट्रिकची आणखी एक विचित्र अडचण आहे. बँकेच्या दारात किंवा विमानतळावर येणारे बहुतेक लोक धडधाकट असतात. दवाखान्यात येतो तो माणूस आजारी असतो, आणि आजार, वय, कष्ट, औषधं नेमकी त्याच खुणांवर घाला घालतात ज्यांच्यावर यंत्राची भिस्त. सिमेंट, चुना, भांडी घासण्याची पावडर यांत आयुष्य गेलेली बोटं गुळगुळीत होतात. इसबाने कातडी फाटते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काहींचं बुबुळ जुन्या चित्राशी जुळत नाही. कॅन्सरवरच्या कॅपेसिटाबिन या गोळीने तळहात-तळपाय सोलवटतात आणि ठसे पुसले जाऊ शकतात. सिंगापूरच्या डॉक्टरांनी २००९ साली एका वैद्यकीय नियतकालिकात असा रुग्ण नोंदवला. वय ६२, तीन वर्षांहून अधिक काळ ही गोळी चालू. डिसेंबर २००८ मध्ये नातेवाइकांना भेटायला अमेरिकेत गेला, तर बोटांना ठसेच नाहीत म्हणून त्याला चार तास थांबवून ठेवलं. विमानतळावर चार तास गेले, एवढ्यावर निभावलं. त्याच्या केमोथेरपीच्या खोलीचं दारच बोटाने उघडणारं असतं, तर?

म्हणून ‘यंत्र नाही म्हणालं तर पुढे काय’ ही अपवादाची तळटीप नव्हे. दवाखान्यात तोच मुख्य नियम असायला हवा. यंत्राचा नकार हा यंत्राबद्दलचा निष्कर्ष, माणसाबद्दलचा नव्हे. त्या आजोबांचा शेवटी क्रमांकच घातला गेला, काखेतल्या केसपेपरवरचा. लागलेला वेळ, अर्धा मिनिट. तो आधी का घातला नाही, असं मी त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "सिस्टिम पाच वेळा ट्राय केल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही." तिचा दोष नव्हता. कुणीतरी, कुठल्यातरी खोलीत, हा पाचाचा आकडा ठरवला होता आणि त्या खोलीत पुसट बोटांचं कुणी नव्हतं.

संशोधनात प्रश्न आणखी खोल जातो, कारण तिथे माणूस केवळ स्वतःच्या उपचारासाठी आलेला नसतो. तो आपलं शरीर दुसऱ्यांच्या ज्ञानासाठी उसनं देतो. १९६४च्या हेलसिंकी घोषणेवर उभ्या राहिलेल्या संशोधननीतीचा एक पायाभूत हक्क आहे : सहभागीने केव्हाही माघार घ्यावी आणि त्याबद्दल त्याला काही भोगावं लागू नये. रक्ताच्या नमुन्याबाबत याचा अर्थ सगळ्यांना कळतो. बाटली नष्ट करा. ठशाबाबत माघार म्हणजे काय? नाव बदलता येतं, क्रमांक बदलता येतो. बोट बदलत नाही. अमेरिकी सरकारच्या कर्मचारी खात्यातून २०१५ साली उघडकीला आलेल्या चोरीत ५६ लाख लोकांचे ठसे गेले. त्या लोकांना नवे पासवर्ड मिळाले असतील. नवी बोटं कुठून मिळणार?

यावर ठेवणीतलं उत्तर येतं : ‘आम्ही ठसा साठवत नाही, त्याचं टेम्प्लेट साठवतो. ते नुसते आकडे असतात, त्यातून बोट परत बनत नाही.’ हे मी चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकलं आहे. इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ सालीच प्रमाणित टेम्प्लेटच्या आकड्यांवरून ठशाची अशी प्रतिमा उभी करून दाखवली, की यंत्रं तिला फसली. टेम्प्लेटला कुलूप लावता येतं, ते रद्द करता येईल अशा रीतीने घडवताही येतं. पण तसं घडवलं आहे का, हे विचारावं लागतं. ‘आकडेच तर आहेत’ हे त्याचं उत्तर नाही.

आणि ढीग कुणाच्या हाती जाईल? केनियात २०१५ साली एचआयव्ही असलेली शाळकरी मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांच्या नावनिशीवार याद्या करण्याचा आदेश निघाला. तिथल्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. त्याच सुमारास तिथे एचआयव्हीच्या एका सर्वेक्षणात बायोमेट्रिक वापरायचं घाटत होतं. सर्वेक्षण होतं देहविक्री करणाऱ्या बायका, समलिंगी पुरुष, नशेची इंजेक्शनं घेणारे अशांचं. संशोधकांची गरज खरी होती : एकच माणूस दोनदा मोजला जाऊ नये. पण ज्यांचं जगणंच कायद्याने गुन्हा, त्यांनी आपला ठसा आणि आपला आजार एकाच फायलीत ठेवायचा? त्या गटांनी साफ नकार दिला आणि बेत सोडावा लागला. त्यांची भीती भ्रामक नव्हती. ह्यूमन राइट्स वॉचने २०२१ मध्ये दाखवून दिलं, की बांगलादेशातल्या छावण्यांत मदतीच्या कार्डासाठी रोहिंग्यांची जी माहिती गोळा झाली, त्यातून किमान ८,३०,००० नावं, छायाचित्रं आणि ठशांसह, म्यानमारच्या सरकारकडे पोचली. म्हणजे ज्यांच्यापासून जीव वाचवून ते पळाले, त्यांच्याकडेच. कार्डासाठी अंगठा देताना त्या लोकांना कुठला प्रश्न विचारला होता आणि पुढे कुठला विचारला गेला?

दुबार मोजणी टाळायची तर बोटच लागतं, हेही खरं नाही. नव्या औषधाच्या पहिल्या टप्प्यातल्या चाचण्यांत निरोगी स्वयंसेवकांना मानधन मिळतं, त्यामुळे एक चाचणी संपण्याआधीच दुसरीत घुसणारे लोक असतात. दोन औषधं अंगात एकत्र आली तर ते त्यांच्याच जिवाशी येतं. ब्रिटनमध्ये यासाठी एक सामायिक नोंदवही आहे. ती राष्ट्रीय विमा क्रमांकावर किंवा पारपत्राच्या क्रमांकावर चालते. एचआयव्हीच्या कार्यक्रमांतही कित्येक ठिकाणी नावाची काही अक्षरं, जन्मवर्ष अशा तुकड्यांपासून सांकेतिक क्रमांक बनवतात. हा ओबडधोबड मार्ग आहे, चुका होतात. पण ती यादी उद्या चोरीला गेली तर तिच्यावरून पोलिसांना दार ठोठावता येत नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी. ‘बायोमेट्रिक वापरायचं की नाही’ असा स्वच्छ पर्याय आता आरोग्य संशोधनाला उरलेला नाही. अंगठा घेतला नाही तरी शरीराची इतर चित्रं घेतली जातातच. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ साली ८४ स्वयंसेवकांच्या मेंदूच्या एमआरआयवरून त्यांचे चेहरे संगणकावर उभे केले आणि बाजारात मिळणाऱ्या चेहरा ओळखण्याच्या सॉफ्टवेअरला ते छायाचित्रांशी ताडायला दिले. ८३ टक्के लोक अचूक सापडले. फायलीवरून नाव काढून टाकलं की ती ‘निनावी’ झाली, असं धरून जगभर ज्या एमआरआयच्या देवाणघेवाणी झाल्या, त्यांत चेहरे तसेच होते. उलट दिशेनेही तेच. २०१८ साली गूगलच्या संशोधकांनी डोळ्याच्या पडद्याच्या फोटोवरून वय, लिंग, धूम्रपानाची सवय, रक्तदाब यांचा अंदाज बांधून दाखवला. १७,००० हून अधिक चेहऱ्यांवर शिकवलेलं एक सॉफ्टवेअर दोनशेहून जास्त जनुकीय आजारांच्या खुणा चेहऱ्यात शोधतं. दुर्मीळ आजाराच्या निदानासाठी वर्षानुवर्षं वणवण करणाऱ्या आईबापांना हे वरदान आहे. पण मग हजेरीसाठी घेतलेला चेहरा हा नुसता हजेरीचा राहत नाही, आणि आजारासाठी घेतलेलं चित्र नुसतं आजाराचं राहत नाही.

म्हणूनच मला बंदी नको आहे. प्रश्नाची हद्द आखून हवी आहे. चाचणीला बुबुळ लागतं? घ्या. पण ते त्या चाचणीच्या यादीपुरतं राहू द्या. दुसऱ्या कुठल्या नोंदवहीशी जुळणारच नाही अशा रीतीने ते घडवा, आणि शेवटच्या सहभागीची शेवटची भेट झाली की कुणाच्या सहीने पुसलं जाईल ते पहिल्याच दिवशी लिहा. जो बोट देणार नाही, त्याला तेच औषध त्याच रांगेत मिळू द्या. वेगळ्या खिडकीवर, वेगळ्या वारी नव्हे. विक्रेत्याला यंत्र किती अचूक हे विचारू नका, ते तो न विचारताही सांगतो. यंत्राने कुणाला नाकारलं, त्यांची वयं काय होती, ते काम काय करायचे, आजार काय होता, हे विचारा. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीत बसणाऱ्या डॉक्टर मंडळींना हे तांत्रिक वाटतं आणि ते पान उलटलं जातं. सुईच्या लांबीवर तासभर चर्चा करणारी समिती ठशांच्या साठवणीवर पाच मिनिटंही देत नाही, कारण बोट काचेवर ठेवताना दुखत नाही.

मध्यंतरी एका ओळखीच्या बाईंनी एका अभ्यासात भाग घ्यावा का, म्हणून त्याचं संमतिपत्र मला वाचायला दिलं. चांगलं लिहिलेलं होतं, सोप्या भाषेत. रक्ताचा नमुना कुठल्या शीतपेटीत, किती वर्षं राहील, अभ्यास संपल्यावर तो कसा नष्ट केला जाईल आणि मध्येच सोडून गेलात तर काय, यावर दोन पूर्ण परिच्छेद होते. शेवटच्या पानावर, सहीच्या जागेच्या वर, ठशांबद्दल एक ओळ होती : ‘आपली ओळख सुरक्षित ठेवली जाईल.’ किती वर्षं, ते लिहिलेलं नव्हतं. बाईंनी फोन करून विचारलं, तेव्हा पलीकडून उत्तर आलं, की हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, विचारून सांगतो.